राखडीवरच्या आक्का

आक्का,

परवा तुमची तेरवी झाली. पंगतीत कोणीतरी म्हणालं, "मोठ्या शांत स्वभावाच्या होत्या आक्का. कधी कुणाला उणा शब्द बोलल्या नाहीत." मी कढी वाढत होते. भांडं तसंच खाली ठेवलं, स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. बायकांना वाटलं, हुंदका आवरत नाही. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मी हसत होते, आक्का. तुम्ही असतात तर त्या माणसाला तिथल्या तिथे विचारलं असतंत, "काऊन जी, तुम्ही कोनाच्या तेरवीले आले?"

म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी पत्र आलं की मीच मोठ्यानं वाचायची आणि मला नको असलेला मजकूर गाळायची. आज काही गाळत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तुमचे मालक, आमचे दाजी, वारले, मिलच्या चाळीतली खोली तुम्हाला सोडावी लागली, आणि एक पेटी, एक बकरी आणि सुंभाची खाट घेऊन तुम्ही मुर्रीच्या रस्त्याला आमच्या घरी राहायला आलात. मी नागपूरहून लग्न होऊन आलेली, सातवी पास. तुम्ही मास्तरांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, थोरली बहीण. मी घाबरून होते. मास्तर माझ्याहून जास्त घाबरून होते.

घरामागं राखड होती. गोंदियातल्या मिलींचे बॉयलर धानाच्या कोंड्यावर चालायचे. त्यातल्या एका मिलची, दाजी जिथं होते त्या मिलची, सगळी काळी राख बैलगाडीनं येऊन आमच्या मागच्या पडीक जागेत पडायची. राख पडते तिथं कचरा का नको, म्हणून गावाच्या कचऱ्याची गाडीही तिथंच यायची. फुटकी मडकी, केळीचे खुंट, मेलेली कुत्री. टेकडी आमच्या घराच्या आढ्यापेक्षा उंच झाली होती. वारा सुटला की आम्ही कोळशाच्या वखारीत राहिल्यासारखे दिसायचो.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मास्तरांचं वाळत घातलेलं धोतर चिमटीत धरलंत.

"काऊन वो, हे धुतलं का काळं केलं?"

"राखडीवरून उडतं, आक्का. रोजचंच आहे."

"रोजचं हाये म्हनून चांगलं हाये का?"

पुढची बारा वर्षं हेच चाललं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला सुचेपर्यंत तुम्ही तिसऱ्या प्रश्नावर गेलेल्या असायचात.

त्या संध्याकाळी तुम्ही मला घेऊन टेकडीच्या पायथ्याशी गेलात आणि बराच वेळ वर बघत राहिलात. दाजी गेल्यावर तुम्ही रडला नव्हतात, त्याबद्दल नात्यात कुजबूज होती. तिथंही रडला नाहीत. म्हणालात, "माह्या मालकानं वीस वर्सं बॉयलरच्या तोंडात कोंडा टाकला. मेला त् त्याची राख निघाली मडकंभर. आन् त्यानं केलेली राख पाह्य. आता हे कोन निस्तरन? मीच ना?"

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. सकाळी उठून बघते तर तुम्ही घरात नाही. दुपारी आलात त्या डोक्यावर टोपली घेऊन. चालत नागऱ्याला जाऊन, शंकराच्या देवळामागून कडुनिंबाची चाळीस रोपं उपटून आणली होतीत. ती सगळी राखेत लावलीत. आठ दिवसांत पिवळी पडली. ज्यांना राखेनं मारलं नाही, ती तुमच्याच बकरीनं खाल्ली. बकरीशी तुम्ही दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला मुर्रीच्या दसारामभाऊंकडे कायमची पाठवून दिलीत.

दसारामभाऊ बकरी घ्यायला आले तेव्हा मेलेली रोपं बघून म्हणाले, "राखेत जोर नसते जी आक्का. बोडीचा गाळ टाका, मंग पाहा."

"गाळ कोन देईन?"

"मी देतो. पन राख मले द्या. पऱ्ह्याले लागते."

बोडी म्हणजे शेतातलं तळं आणि पऱ्हे म्हणजे धानाची रोपं, हेही मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्यांची गाडी त्यांच्या बोडीतला काळाभोर गाळ घेऊन यायची आणि जाताना राख भरून न्यायची. दसारामभाऊंना वाटायचं, आपण आक्काला फसवलं. तुम्हाला वाटायचं, आपण दसारामला फसवलं. असा सुखाचा व्यवहार मी पुन्हा पाहिला नाही. त्यांचं बघून मुर्रीचे इतर शेतकरी मिलच्या फाटकावरूनच राख न्यायला लागले आणि राखेची गाडी आपोआप बंद झाली.

कचऱ्याची गाडी मात्र आपोआप बंद होणारी नव्हती. तिच्यासाठी तुम्ही तुमची खाट काढलीत. वैशाखातल्या भर दुपारी गाडीवाटेच्या मधोमध खाट टाकून, मास्तरांची शाळेची छत्री उघडून तुम्ही आडव्या झालात. गाडीवाला सुखराम गरीब माणूस. तो बैल थांबवून हात जोडायचा.

"बाई, हटो ना. बैल भूखे हैं."

"भुकेले हायेत त् घरी ने."

मास्तर शाळेतून धावत आले. "आक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकायले सांग, बहीन आराम करून राहिली."

तीन दिवस तुम्ही आराम केलात. सुखरामनं बिचाऱ्यानं चौथ्या दिवशी लांबूनच विचारलं, "बाई, आज भी सोओगी?" तुम्ही म्हणालात, "रोज." त्यानं गाडी वळवली आणि जुन्या वीटभट्टीच्या खड्ड्याकडे नेली. कचरा तिथंच टाकायचा, असं त्याला आधीपासून सांगितलेलं होतं म्हणे. लांब पडतं म्हणून तो जात नव्हता, एवढंच. मास्तरांची छत्री मात्र उन्हानं फाटली आणि त्या पावसाळ्यात ते शाळेत भिजत गेले.

खरी लढाई त्यानंतरची, आणि ती बायकांशी. पहाटे तांब्या घेऊन अख्खा मोहल्ला राखडीवरच जायचा. तुम्ही खड्डे खणून काटेरी फांद्या लावल्यात तशा शेजारच्या कौतिकाबाई दहा-बारा जणींना घेऊन दारात उभ्या राहिल्या. "झाडं लावता त् लावा, आक्का. पन आमी जाव कुठं?"

दोन दिवस तुम्ही टेकडीभोवती चकरा मारल्यात. मग टेकडीच्या पलीकडच्या अंगाला बांबूच्या तट्ट्यांचा आडोसा उभा केलात, आत खड्डे, बाजूला राखेचा ढीग. वरून राख टाकायची, म्हणजे वास नाही, माशी नाही. मास्तरांकडून पाटी लिहून घेतलीत : 'फक्त बायकांसाठी'. मी म्हटलं, "आक्का, मोहल्ल्यात वाचता येणारी बाई मी एकटी. पाटी कशाला?" तुम्ही म्हणालात, "ज्यायनं येऊ नोये त्यायले वाचता येते ना? मंग झालं."

आता ती गोष्ट सांगते, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही.

गाडी बंद झाल्यावर तुम्ही घरचा कचराही राखडीवर टाकायला मनाई केली होतीत. साल नाही, टरफल नाही, काही नाही. त्याच उन्हाळ्यात तुम्ही धानाच्या तणसात आंबे पिकत घातले होते, आणि ते पाहुण्यांसाठी आहेत असं बजावून मोजून ठेवले होते. त्यातला एक मी खाल्ला. घरात खाल्ला असता तर वास आला असता, म्हणून टेकडीच्या मागं जाऊन खाल्ला आणि कोय तिथंच टाकली. आंबा कमी भरला तेव्हा तुम्ही मास्तरांना फैलावर घेतलंत. मी गप्प राहिले. मास्तरही गप्प राहिले. त्यांना वाटलं असावं, खाल्लाही असेल आपण.

पुढच्या पावसात तिथं तांबूस कोंब आला. तुम्ही सगळ्या मोहल्ल्याला बोलावून दाखवलात. "हा आंबा कोनी नाई लावला. देवानं लावला!" कुंकू वाहिलंत. दर सोमवारी तिथं दिवा लावायला जाताना ताट माझ्या हातात द्यायचात. तो देव मी होते, आक्का. नऊ वर्षांनी त्याला आंबे लागले ते इतके आंबट, की कौतिकाबाईंचा डोळाच मिटला. मला वाटलं, आता तरी तुमची श्रद्धा डळमळेल. तुम्ही चिंच चोखल्यासारखा आवाज काढून शांतपणे म्हणालात, "देवाचा आंबा आंबटच असते. गोड असता त् मानसानं ठेवला असता का?" यापुढं सांगण्यात काही अर्थच उरला नाही.

पण तो कोंब आला त्याच पावसाळ्याच्या शेवटी माझं बाळ गेलं. सव्वा महिन्याचं होतं. येणारी प्रत्येक बाई सांगायची, होईल दुसरं. मी मान हलवायची. घरात रडायला कोपरा नव्हता. एके दुपारी तुम्ही माझा हात धरून मला राखडीवर नेलंत आणि हातात कुदळ दिलीत.

"खन."

"आक्का, अंगात ताकद नाही."

"असन तेवढी लाव."

मी खणायला लागले. तिसऱ्या-चौथ्या घावाला मला रडू फुटलं, आणि ते असं फुटलं की मला माझाच आवाज ओळखू येईना. तुम्ही माझ्याकडे पाठ करून गवत उपटत बसला होतात. वाटेनं कोणी वर यायला लागलं की ओरडायचात, "येऊ नोका इकडे! साप निंगला!" त्या दुपारी तुम्ही चार वेळा साप काढलात. मी सात खड्डे खणले. तुम्ही त्यांत सीताफळाच्या बिया टाकल्यात. ती झाडं कुणासाठी, हे तुम्ही कधी बोलला नाहीत, मी कधी विचारलं नाही. दर वर्षी पहिलं सीताफळ मात्र माझ्या ओटीत टाकायचात आणि लगेच कुठल्यातरी कारणानं माझ्यावर ओरडायचात. मी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विचारलं असतंत, कायले?

आठेक वर्षांत राखडीचं रान झालं. कडुनिंब, करंज, बोर, सीताफळ. सकाळी म्हातारे फिरायला येऊ लागले, आणि संध्याकाळी तिथं बायका बसायच्या. एरवी आम्हाला बसायला जागा कुठं होती? देवळात गेलं तर पुजारी बघतो, ओट्यावर बसलं तर सासू बघते. राखडीवर आम्हाला कोणी बघत नव्हतं. मिलच्या सेठजींची म्हातारी आई, जिला सगळे बडी माँ म्हणायचे, ती सुद्धा रिक्षानं यायची आणि आमच्यात बसून तंबाखू मळायची.

एकदा कोणी साहेब वृक्षारोपणाला आले. हार, खुर्च्या, सतरंजी, सगळं आलं. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की रोप लावायला जागाच नाही, सगळीकडे झाडं आहेत. पटवाऱ्यानं शेवटी तुमचंच एक वर्षाचं करंज मुळासकट उपटलं आणि साहेबांनी ते त्याच खड्ड्यात पुन्हा लावलं. टाळ्या झाल्या. साहेबांनी तुम्हाला विचारलं, "आजी, झाड आवडलं का?" तुम्ही म्हणालात, "कालही चांगलंच होतं जी." मास्तरांना घाम फुटला. साहेबांना ते कळलंच नाही, म्हणून आम्ही वाचलो.

आमचं राज्य नागपूरच्या हातून मुंबईकडे गेलं, मास्तरांनी पाकिटांवरचा पत्ता बदलला, तेव्हाची गोष्ट. सेठजींचा मुनीम आला. म्हणाला, जागा मिलची आहे, कागद आहेत, दिवाळीनंतर झाडं काढून गोदाम बांधायचं आहे. मास्तर पांढरे पडले, कारण कागद खरे होते. तुम्ही मुनीमजींना आधी पाणी दिलंत.

"जमीन सेठजीची?"

"हां जी."

"पुरी?"

"पूरी की पूरी."

"मंग राख बी सेठजीचीच. इतकी वर्सं आमी सांभाळली. आता वापस नेऊन देतो."

मुनीमजी हसत हसत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बारा बायका डोक्यावर राखेची टोपली घेऊन मिलच्या फाटकावर गेलो. मला तुम्ही सगळ्यात पुढं ठेवलंत, कारण माझी हिंदी बरी. मी हात जोडून म्हटलं, "सेठजी का माल लाए हैं," आणि प्रत्येकीनं आपली टोपली फाटकासमोर अगदी हळूच, सांडू न देता, उपडी केली. माल परत आणणाऱ्याला काय म्हणायचं, हे चौकीदाराला कोणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही तीस जणी होतो. वारा फाटकातून आत वाहत होता. कचेरीतल्या गाद्या, वह्या, मुनीमजींच्या मिशा, सगळं एका रंगाचं झालं. सेठजी बाहेर येऊन ओरडले, "ये क्या तमाशा है?"

"तमाशा नाई जी," तुम्ही म्हणालात. "अजून डोंगर बाकी हाये. दिवाळीपर्यंत सरन."

तिसऱ्या दिवशी ओळीत बडी माँ उभी होती. डोक्यावर छोटीशी टोपली, तीत मूठभर राख. सेठजी तिच्याकडे धावले. ती त्यांना म्हणाली, "जगह तेरी है बेटा, तो ये भी तेरा है. ले. फिर बता, शाम को मैं कहाँ बैठूँ?"

आईच्या डोक्यावरची टोपली सेठजींनी स्वतः उतरवली. गोदाम पुढं स्टेशनच्या पलीकडे झालं. फाटकासमोरची राख उचलायला मात्र मुनीमजींनी आम्हालाच बोलावलं, आणि तुम्ही सांगितलंत, "दसारामले सांगा, तो नेईन." दसारामभाऊ दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन हजर.

एक भांडण आपलं राहूनच गेलं. माझे गुडघे दुखायला लागले तेव्हापासून मी म्हणत होते, वर एक दगडी बाक करू. तुमचं म्हणणं, बाक आला की त्यावर पुरुष येऊन बसतील आणि बायका पुन्हा खाली मातीत. मी म्हणायची, पाटी लावू. तुम्ही म्हणायचात, पाटी तट्ट्यावर शोभते. शेवटच्या तापातही तुम्ही डोळे उघडून मला एवढंच विचारलंत, "बाक त् नाई ना केला?" मी नाही म्हटलं. तुम्ही डोळे मिटलेत. आक्का, मला अजूनही वाटतं की माझंच बरोबर होतं. पण आता भांडायचं कोणाशी?

तुम्ही गेलात त्या सकाळी अंगणात पुरुषमंडळी जमली. कोणीतरी सुचवलं, सरणाला राखडीवरचंच लाकूड घेऊ. आक्कांनी लावलेलं झाड, त्यांचा मान होईल. सगळ्यांना पटलं. दोघे जण कुऱ्हाडी घेऊन निघाले सुद्धा. मी तुमच्या उशाशी बसले होते. उठले, आणि तशीच धावत गेले, डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. मोठ्या कडुनिंबाला पाठ लावून उभी राहिले.

मास्तर मागून आले. "कमल, लोक बघताहेत."

"बघू द्या. जिनं लावलं तिलाच जाळायला तोडायचं, हा कुठला मान? आधी मला तोडा."

कुऱ्हाडवाल्यांनी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मग झाडाकडे. मग ते माझ्या शेजारी येऊन झाडाला पाठ लावून उभे राहिले. आक्का, लग्नाला चौदा वर्षं झाली, पण मला हा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा आवडला. दसारामभाऊंनी तेवढ्यात गाडी वळवली होती. तासाभरात ते मुर्रीहून बाभळीची लाकडं घेऊन आले.

काल संध्याकाळी मी तुमच्याशिवाय पहिल्यांदा राखडीवर गेले. पंधरा-वीस जणी आधीच जमल्या होत्या. रडायला म्हणूनच जमलो होतो. पण कौतिकाबाईंनी कंबरेवर हात ठेवून तुमचा आवाज काढला, मग दुसरीनं काढला, मग सगळ्याच काढायला लागल्या. बडी माँनं सुद्धा तुमची ही इकडची झाडी बोली बोलून दाखवली, ती अशी की करंजावरचे बगळे उडाले. आम्ही इतक्या हसलो की रस्त्यावरचे लोक थांबून वर बघायला लागले.

मग हसणं थांबलं. दिवेलागण झाली. घरी चुली पेटवायच्या होत्या, नवरे यायचे होते, पोरं उपाशी होती. तरी कोणी उठेना. मी एकीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं. सगळ्या एकमेकींकडे बघत होत्या. रोज या वेळी तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठायचात आणि म्हणायचात, "उठा वो बायाहो, घरी जा. घरं पडले नाई तुमचे."

काल ते कोणी म्हटलंच नाही. आम्ही बसूनच राहिलो.

तुमची
कमल